थोरलीची मूळ फाइल

थोरलीला कुणी तिच्या खऱ्या नावानं हाक मारल्याचं बाजारात कुणाला आठवत नाही. घरात ती थोरली, बहीण धाकटी, आणि दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, गिऱ्हाईक म्हणायचं, "चला, बहिणींकडे टाकू या." भरतकामाचं दुकान. आता भरतकाम म्हटलं की खिडकीत सुईदोरा घेऊन बसलेली बाई डोळ्यासमोर येते, तर ते चित्र आधी पुसून टाका. हे मशीनचं भरतकाम. शाळेच्या सदऱ्यांवरचे बिल्ले, हॉटेलच्या टॉवेलांवरची अक्षरं, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, खेळाडूंच्या टोप्या. पुढच्या बाजूला काउंटर, त्यामागं दोन मशीनं दिवसभर खडखडत असलेली, आणि त्यांच्याही मागं प्लायवूडच्या आडोशाला एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरसमोर थोरलीचं आयुष्य गेलं.

मशीनला चित्र कळत नाही, टाके कळतात. सुई कुठून उठवायची, कुठं खुपसायची, दोरा आडवा घालायचा की तिरका, आधी पान की आधी देठ, हे सगळं कुणीतरी डोकं चालवून ठरवून द्यावं लागतं. त्याला या धंद्यात पंचिंग म्हणतात. आणि कापड ही मोठी खट वस्तू. टाका बसला की ते आवळून घेतं. तुम्ही नीट गोल काढून द्या, शिवून अंडं बाहेर येईल. म्हणून गोल हवा असेल तर आधी जरासा लांबट काढायचा. टोपीला किती, टॉवेलला किती, ते पुस्तकात कुठं लिहिलेलं नसतं. थोरलीनं त्यापायी कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे वाया घालवले होते आणि मग कुठं तिचा हात बसला होता.

एवढं सांगितलं तर आणखी एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एका डिझाइनच्या दोन फाइली होतात. एक मूळ फाइल. हिच्यात करणाऱ्याचा सगळा विचार असतो. लहान करा, मोठी करा, एखादं अक्षर बदला, ती निमूट ऐकते. दुसरी टाक्यांची फाइल. ती मूळ फाइलमधून काढायची आणि मशीनला द्यायची. तिच्यात नुसते टाके. ती ताणली तर विरळ होते, दाबली तर गोळा होते. पिठाचे पुन्हा दाणे करता येत नाहीत, तसंच ते. म्हणून ज्याच्याकडे मूळ फाइल, त्याचं डिझाइन.

या मूळ फाइली ज्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या, त्याला एक किल्ली लागायची. म्हणजे बोटाच्या पेराएवढी निळी कांडी. कॉम्प्युटरला मागून लावली की प्रोग्रॅम चालू, काढली की बंद. टाक्यांची फाइल मात्र किल्लीशिवाय, साध्या प्रोग्रॅममध्येही उघडायची. कंपनीवाले तिला काही वेगळंच म्हणायचे, थोरली किल्लीच म्हणायची. हरवली तर दुसरी मिळणार नाही, असं तिला पहिल्या दिवशीच बजावलेलं, तेव्हापासून ती किल्ली काळ्या दोरीत ओवून तिनं गळ्यात घातली. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "ताई, ताईत कुणाकडून मंतरून आणलात?" त्यावर धाकटी काउंटरवरून म्हणायची, "इतकी वर्षं मला वाटत होतं, हिच्या गळ्यातला ताईत मीच." सगळे हसायचे. थोरलीही हसायची, कारण ते खरंच होतं.

आई गेली तेव्हा धाकटीला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. थोरलीनं वेण्या घातल्या, शाळेत पोचवली, तापात उशाशी बसली, तिच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच झाला नाही बाई," जसं काही एखादं बिल भरायचं राहून गेलं होतं. दुकान काढलं तेव्हा धाकटीला काउंटरवर बसवलं. धाकटीच्या जिभेवर साखर. भांडायला आलेलं गिऱ्हाईक दुप्पट ऑर्डर देऊन जायचं. आत थोरली, बाहेर धाकटी, आणि सुतापासून गिऱ्हाइकापर्यंत कशाची म्हणून वाटणी कधी करावी लागली नाही. धाकटी अधूनमधून म्हणायची, "ताई, मलाही शिकव ना ते पंचिंग." थोरली म्हणायची, "तू बाहेरचं बघ, तुला त्यात कशाला डोकं घालायचंय." विषय तिथंच संपायचा.

तर असं सगळं छान चाललेलं असताना दोन गोष्टींनी एकदमच मान टाकायला सुरुवात केली. एक कॉम्प्युटर आणि दुसरे थोरलीचे डोळे.

कॉम्प्युटरला दोघी म्हातारा म्हणायच्या. सकाळी बटण दाबलं की म्हातारा आधी खोकायचा, मग घरघरायचा, मग बराच वेळ काळा पडदा दाखवत बसायचा. थोरली तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून यायची. पण मधेच तो कामाच्या भरात बंद पडायला लागला. सगळ्या मूळ फाइली त्याच्याच पोटात. दुसरीकडे कुठं ठेवायच्या म्हटलं तर हिचा कुणावर विश्वास नाही. तिकडे डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरा दोरा आणि मळकट दोरा तिला सारखेच दिसायला लागले. एका हॉटेलचे टॉवेल चुकीच्या रंगात गेले, तेव्हा धाकटीनं काउंटरवर हात टेकून सांगितलं, "आता बस झालं. तारीख मी घेते. तू डोळा करून घे, तेवढ्यात मी नवा कॉम्प्युटर आणते आणि म्हाताऱ्यातलं सगळं त्याच्यात टाकून घेते. तू परत येशील तेव्हा डोळाही नवा आणि कॉम्प्युटरही नवा. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

थोरली का कू करत होती. फाइली हलवायच्या म्हणजे तिला कुणी काळीज काढून दुसऱ्या ताटात ठेवतो म्हटल्यासारखं वाटायचं. "मी समोर असताना करू," ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "तू समोर असलीस तर त्या कॉम्प्युटरवाल्याला काम करू देशील का? शंभर वेळा विचारशील, गेल्या का, पोचल्या का. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय ना?" कसला कोर्स आणि कसलं काय; वासरात लंगडी गाय शहाणी. पण थोरलीला वाटलं, बरोबर आहे पोरीचं. पोरगी आता केसांना रंग लावत होती, तरी थोरलीच्या लेखी ती पोरगीच.

दवाखान्यात धाकटीच बरोबर होती. कागदांवर तिनं सह्या केल्या, डॉक्टरांना तिनं प्रश्न विचारले, पाण्याची बाटली, चपला, चष्मा सगळं तिच्या पिशवीत. नर्स आली आणि म्हणाली, "गळ्यातलं, कानातलं, हातातलं, सगळं काढून ठेवा." थोरली म्हणाली, "हे राहू दे ना, हे काही दागिना नाही." नर्स म्हणाली, "काहीच राहायचं नाही." मग थोरलीनं दोरी डोक्यातून काढली. दुकान काढल्यापासून पहिल्यांदा ती किल्ली दुसऱ्याच्या हातात जात होती. धाकटीनं ती थोरलीच्या देखत आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "बघ, आहे ना? जा आता." थोरली डोळे मिटून आत गेली.

बाहेर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. धाकटीनं तिला आपल्या घरी नेलं, उशा रचून बसवलं, आणि आधी दोरी तिच्या गळ्यात घातली. थोरलीनं बोटांनी चाचपलं. दोरी तीच, मानेपाशी घामानं कडक झालेली. तिला गाढ झोप लागली.

पुढचे दिवस धाकटीनं काय तिची सेवा केली म्हणता. वेळच्या वेळी डोळ्यात औषध, वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही, दुकानातला कापडाचा भुसा डोळ्यात जाईल म्हणून तिकडे फिरकायचं नाही. थोरलीनं विचारलं, "फाइली गेल्या का नव्यात?" तर म्हणायची, "चाललंय गं, तू डोळे मीट." धाकटीचा नवरा तिच्या खोलीत डोकावून म्हणायचा, "काही हवंय का ताई?" आणि उत्तर ऐकायला थांबायचाही नाही. तो मुळात तसाच, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं थोरलीचं मत. शेजारणी भेटायला आल्या की थोरली सांगायची, "पोटची पोर काय करेल इतकं करते ही."

पट्टी निघाली आणि थोरली अवाक झाली. जग इतकं निळं असतं हे ती विसरूनच गेली होती. भिंत पिवळट वाटायची ती पांढरी निघाली, धाकटीच्या ओढणीवर फुलं होती हे तिला तेव्हा कळलं. गळ्यातली किल्ली हातात घेऊन पाहिली तर तीही नवीकोरी, लख्ख निळी. तिला हसू आलं. सगळंच नवं दिसतंय तर किल्लीनं काय पाप केलंय, असं म्हणून तिनं ती पुन्हा आत टाकली.

दुकानात गेली तेव्हा म्हाताऱ्याच्या जागी एक चपटा, काळा, आवाज न करणारा कॉम्प्युटर होता. धाकटीनं बटण दाबलं आणि चहाचं आधण ठेवायच्या आत तो तयार. पडद्यावर फोल्डरं ओळीनं मांडलेली: शाळा, हॉटेलं, दवाखाने, खेळ. थोरलीनं एकेक उघडलं. सगळी डिझाइनं होती. चित्रं दिसत होती, मशीन ती घेत होतं, शिवून बाहेर पडत होती. तिला भरून आलं. "म्हाताऱ्याचं काय केलंस?" तिनं विचारलं. "भंगारवाल्यानं नेला," धाकटी म्हणाली. "त्याच्यात काही उरलं नव्हतं."

आणि मग खेळाचे सर आले. शाळेचा बिल्ला सदऱ्यावर असतो, तो आता त्यांना टोपीवर हवा होता, त्याच्या निम्म्यानं लहान. पोरांना सामन्याला न्यायचं होतं, घाई होती. धाकटी त्या दिवशी दुकानात नव्हती; हल्ली ती वरचेवर नसायची, बँकेत जाते, सूत बघायला जाते म्हणायची. थोरली म्हणाली, "बसा सर, आत्ता करून देते." तिच्यासाठी हे डाव्या हातचं काम. बिल्ला उघडला, लहान केला, मशीनला दिला. मशीननं चार ठिकाणी खडखड केलं आणि दोरा तोडला. टोपीवर बिल्ल्याच्या जागी दोऱ्याची गाठ बसली होती, दगडासारखी घट्ट.

आपण चुकून टाक्यांची फाइल उघडली, हे तिच्या लगेच लक्षात आलं. मूळ फाइल शोधायला गेली. शाळेच्या फोल्डरात नव्हती. हॉटेलांच्या फोल्डरात नव्हती. दुसरीकडे कुठं टाकली असेल म्हणून तिनं सगळा कॉम्प्युटर उपसला. नुसते टाके. तिनं स्वतःला समजावलं की किल्ली लावल्याशिवाय त्या दिसत नसतील. गळ्यातली किल्ली काढून लावली. काही झालं नाही. उलटी करून लावली, पुसून लावली. सरांना म्हणाली, "उद्या या सर." सर गेले आणि तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

हा माणूस बाजारातलाच, सगळ्यांचे कॉम्प्युटर तोच बघायचा. सरळ माणूस, दोघी बहिणींना मोठ्या ताई आणि छोट्या ताई म्हणायचा. आला, खुर्चीत बसला, किल्ली बाहेर काढून बघितली आणि म्हणाला, "मोठ्या ताई, ही किल्ली नाही. हा साधा पेन ड्राइव्ह आहे."

"असं कसं? माझ्या गळ्यातली आहे ती."

त्यानं तो निळा तुकडा उलटसुलट केला. "माझ्याच दुकानातला आहे हा. छोट्या ताईंनी तुमच्या ऑपरेशनच्या आधी नेला होता. मी काळा देत होतो, तर म्हणाल्या, निळाच हवा, असा एवढाच." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. आपण कशात सापडलो ते त्याला कळलं होतं.

थोरलीनं तो तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. "मूळ फाइली कुठं आहेत?"

"ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. दोन कॉम्प्युटर घेतले ना तुम्ही. छोट्या ताई म्हणाल्या, टाक्यांचं सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाक आणि मूळ फोल्डर दुसऱ्यावर. जुनी किल्ली कंपनीला परत देऊन त्यांनी नवी घेतली, ती त्यांच्या मिस्टरांच्या नावावर आहे. मी विचारलं होतं, की मूळ फाइली दोन्हीकडे ठेवू का, एकाला काही झालं तर दुसरीकडे असाव्यात. तर त्या म्हणाल्या, नको. म्हाताऱ्यातलंही पुसून टाकायला सांगितलं."

"दुसरा कॉम्प्युटर कुठं आहे?"

त्यानं मान खाली घालून पत्ता सांगितला. बाजाराच्या मागं, जिथं पूर्वी टायरांचं गोदाम होतं तिथं.

थोरली पायीच निघाली. कुंपणानंच शेत खाल्लं, हे ती लोकांच्या घरच्या गोष्टी ऐकून कितीदा म्हणाली असेल. आज ते कुणाला म्हणायचं? रस्त्यात तिला एकच आठवत होतं: उशीवर डोकं टेकलेलं, डोळ्यावर पट्टी, आणि धाकटीची बोटं तिच्या मानेमागं दोरी नीट करताहेत. खोटी कांडी गळ्यात घालताना त्या बोटांनी केस मधे अडकू नयेत म्हणून ते अलगद बाजूला केले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते आणखी काय असतं? चालताना तिला शिसारी आली, आणि राग आला तो इतका की भर रस्त्यात तिच्या तोंडून "मेली" असा शब्द गेला. बाजूनं जाणाऱ्या बाईनं चमकून बघितलं.

गोदामाला नवा रंग होता. आत एक लांबलचक मशीन, एका वेळी कितीतरी टोप्या शिवणारं, अजून कडांना प्लास्टिक चिकटलेलं. धाकटीचा नवरा त्याच्याशी काहीतरी खटपट करत होता. थोरलीला बघून त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला, "ताई, चहा सांगतो," म्हणाला आणि जो बाहेर गेला तो आलाच नाही. धाकटी आतून आली. दचकली नाही. "आलीस?" म्हणाली. "मी तुला आणणारच होते. डोळा पूर्ण बरा झाल्यावर."

"कशाला आणणार होतीस? चोरीचा माल दाखवायला?"

"हळू बोल ताई, डोळ्यावर ताण येईल."

"माझ्या डोळ्यांची काळजी तू नको करूस."

"मग कोण करणार?" धाकटी म्हणाली, आणि तिनं खरंच विचारलं होतं. मग ती बोलायला लागली, काउंटरवर बोलायची तशीच, शांत, एकेक मुद्दा पुढं सरकवत. दुकान तुझंच आहे. मशीनं तुझी आहेत, टाक्यांच्या फाइली सगळ्या दिल्यात, रोजची शिलाई बंद पडणार नाही. पण उद्या तुझे डोळे गेले असते तर? त्या फाइली कुणी उघडल्या असत्या? किल्ली गळ्यात घालून बसली असतीस आणि मी काउंटरवर गिऱ्हाइकांना परत पाठवत बसले असते. माझा नवरा किती वर्षं दुसऱ्याकडे राबणार? मी किती वर्षं तुझ्या दुकानात बसणार?

"आपलं दुकान होतं ते," थोरली म्हणाली.

"तू आपलं म्हणायचीस. किल्ली मात्र तुझ्या गळ्यात होती."

"मागायची होतीस."

"दिली असतीस?"

 धाकटीनं उत्तराची वाट बघितली नाही. तिनं ताईचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी एक टेबल होतं. उजेड डाव्या अंगानं यावा असा पडदा ओढलेला. खुर्चीला पाठीशी गादी, पायाखाली पाट, कारण थोरलीचे पाय जमिनीला पुरत नाहीत. कॉम्प्युटरचा पडदा मोठा, अक्षरं मोठी केलेली. "ही तुझी जागा," धाकटी म्हणाली. "तुला सोडून मी कुठं चाललेय का? पगार देईन, वेळेवर देईन. धूळ नाही, खडखड नाही. तू नुसतं काढायचं. बाकी सगळं मी बघते."

पडद्यावर तिच्या सगळ्या मूळ फाइली होत्या. पहिल्यावहिल्या बिल्ल्यापासून, जो गोल काढताना अंडं झाला होता आणि तिनं रागानं तसाच ठेवून दिला होता. थोरली खुर्चीवर टेकली.  खुर्ची तिच्या मापाची होती. म्हणजे ही खुर्ची कुणीतरी मोजून, शोधून, वेळ काढून आणली होती. एकीकडे निळा पेन ड्राइव्ह शोधणारी बहीण आणि दुसरीकडे पाट शोधणारी बहीण, या दोघींमधली खरी कोणती ते तिला ठरवायचं होतं. ते ठरलं असतं तर तिला काय करायचं ते कळलं असतं. पेन ड्राइव्हवाली खरी असेल तर थुंकून निघून जायचं. पाटवाली खरी असेल तर निदान भांडता तरी येतं.

म्हणून तिनं विचारलं, "मला एकच सांग. ऑपरेशनची तारीख तू घेतलीस. ती माझ्या डोळ्यासाठी घेतलीस, की गळ्यातली किल्ली काढून घेण्यासाठी?"

धाकटीनं तिच्याकडे सरळ बघितलं. थापा मारणं तिला कठीण नव्हतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना मारल्या होत्या.

"दोन्हीसाठी, ताई," ती म्हणाली.

 थोरलीनं शाळेचा बिल्ला उघडला, टोपीच्या मापाचा केला, कडा सैल केल्या, टाक्यांची फाइल काढून दिली. खेळाच्या सरांचा यात काय दोष. धाकटीला वाटलं, झालं, ताईचा राग विरघळला. तिनं डोळे पुसले आणि पाठीमागून ताईच्या गळ्यात हात टाकले.

तुम्ही म्हणाल, थोरलीनं नोकरी नाकारली असेल. तिलाही तसंच वाटलं होतं. पण जुन्या दुकानात नुसत्या टाक्यांवर किती दिवस निघणार? गिऱ्हाईक म्हणतं, हे जरा लहान करा, ते नाव बदला, आणि थोरलीला म्हणावं लागायचं, नाही होणार. नवी किल्ली घ्यायची तिची ऐपत नव्हती, आणि घेतली तरी फाइली कुठून आणणार? शेवटी तिनं दुकान बंद केलं आणि गोदामात जायला लागली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. बाजारात कुणाला काही कळलं नाही. लोक म्हणतात, बघा, बहिणींनी धंदा केवढा वाढवला. ती ऐकते, मान हलवते. घरी आल्यावर कधी कधी जेवायचीही इच्छा होत नाही.

जुन्या फाइलींना तिनं धक्का लावलेला नाही. एकदा सगळ्या निवडून पुसायच्या बटणापर्यंत गेली होती, हात धजला नाही. नवं काम मात्र रोज येतं, आणि ती ते करते, पूर्वीइतकंच मन लावून. आता डोळा चांगला झालाय, त्यामुळे काम पूर्वीपेक्षाही बारीक होतं. धाकटी मागं येऊन उभी राहते, तिच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "किती सुबक काढलंस गं ताई." थोरली टाक्यांची फाइल काढते, मशीनला देते, आणि पडद्यावरचं डिझाइन बंद करायला जाते. कॉम्प्युटर तेव्हा नेमानं इंग्रजीत विचारतो, जपून ठेवायचं का, म्हणजे मूळ फाइल. धाकटीला ती अक्षरं समोर दिसतात, पण तो मूळ फाइलचं विचारतोय हे तिला ठाऊक नाही, कारण तिला कुणी शिकवलेलंच नाही. तिचा हात खांद्यावर असतानाच थोरली 'नाही' दाबते आणि पुढचं काम उघडते.